७.२५ डॉलर हा फक्त तळ आहे

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर ठरलेलंच असतं. तो तिथल्या केंद्र सरकारचा तळ, जुलै २००९ पासून तिथेच. टेक्सासमध्ये तेवढाच, वॉशिंग्टन राज्यात २०२४ मध्ये १६.२८.

आपल्याकडेही राज्यागणिक दर वेगळा. महाराष्ट्रात तर परिमंडळ (शहर-गावांचे पाडलेले गट) आणि उद्योगाप्रमाणे बदलतो, वर महागाईनुसारचा विशेष भत्ता जानेवारी-जुलैत सुधारतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रखवालदारी करणाऱ्या माझ्या भावाच्या पगारचिठ्ठीवर मात्र दोन वर्षं भत्त्याचा आकडा तोच! ठेकेदार म्हणतो, "बारा तासांचा एकत्र पगार आहे." रोज बारा म्हणजे सहा दिवसांत ७२ तास. ४८ च्या वरचे २४ तास दुप्पट दराने मिळायला हवेत. चिठ्ठीवर ओव्हरटाइमचा रकानाच नाही. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनची चिठ्ठी एकदा मागून बघा.