‘स्किप टू माय लू’ला मुलं मध्येच गप्प होतात

तंतुवाद्य:
ग्रंथालयात ४५ मिनिटांचा अमेरिकन लोकगीतांचा कार्यक्रम आहे. पाचतारी बँजो, एक गिटार. समोर ३ ते ८ वर्षांची मुलं आणि पालक. ‘स्किप टू माय लू’ जी पट्टीत घेतलं की दुसऱ्या ओळीला मुलं गप्प. बँजोही आवाजावर चढतो. काय बदलू?

पांढरी_दोन:
आधी पट्टी बदला. चाल मंद्र नीपासून पंचमापर्यंत जाते. जी, म्हणजे पांढरी पाचमध्ये मुलांचा पंचम वरच्या डीवर जातो आणि पुरुषी आवाजाइतकं खाली त्यांना उतरता येत नाही. डीमध्ये गा; सगळं मधल्या सी शार्पपासून ए पर्यंत बसतं. गिटारला दुसऱ्या पडद्यावर केपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा), सी आणि जी७ कॉर्डचे आकार. आठ बार: डी डी ए७ ए७ डी डी ए७ डी. बस्स.

घोडीवाला:
बँजो डबल सीमध्ये लावा (जी-सी-जी-सी-डी), केपो दुसऱ्या पडद्यावर. पाचवी आखूड तार पाचव्या पडद्यापाशी सुरू होते, केपो तिला धरतच नाही. ती ए झाली नाही तर सगळं गाणं बेसूर वाटतं. ती सातव्या पडद्यावरच्या खिळ्याखाली अडकवा. केपो लावल्यावर सगळ्या तारा थोड्या चढतात, पुन्हा जुळवा. आवाज दाबायला कातड्याच्या मागे, दांड्याखाली पायमोजा खुपसा. घोडीच्या बरोबर मागे आला तर फार दबतो, जरा बाजूला सरकवा.

ओसरी:
मुळात वाद्याशिवायच सुरुवात करा. फिडल आणि नाच पाप मानणाऱ्या वस्त्यांमध्ये हे खेळगाणं टाळ्यांवर नि पावलांवरच चालायचं. पहिली दोन आवर्तनं टाळ्यांवर, मग बँजो. एक ओळ तुम्ही, तीच ओळ मुलांनी; शिकागोच्या बालगीत-गायिका एला जेन्किन्स यांनी १९५७च्या पहिल्याच रेकॉर्डपासून हीच सवाल-जबाबाची पद्धत वापरली. नवीन कडव्यात एकच शब्द बदला, तोही मुलांकडून मागून घ्या. ‘ब्लू टेल फ्लाय’ मात्र यादीत असेल तर काढाच: ते १८४०च्या दशकातल्या, गोऱ्यांनी तोंड काळं करून केलेल्या तमाशांतून आलंय.

तंतुवाद्य:
पट्टी आणि टाळ्या पटल्या. माझ्या बँजोला खिळाच नाही, घरी बसवता येईल?

घोडीवाला:
येईल. मॉडेल रेल्वेचे एचओ मापाचे खिळे घ्या. सातव्या पडद्याच्या किंचित अलीकडे, खुंटीच्या बाजूला, आधी बारीक भोक पाडा. नुसता ठोकलात तर एबनीचं लाकूड चिरतं. तार जेमतेम पडद्याला टेकेल इतकाच आत घाला, जास्त गेला तर सूर चढतो.