प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरताना ठिणगी पडते का खरंच?

जनरेटरवाला: जनरेटरसाठी 20 लिटरचा कॅन भरायला गेलो होतो, जड होतो म्हणून डिकीतच ठेवून भरत होतो तर मागचा माणूस ओरडला, अहो खाली ठेवा तो, पेटेल. प्लास्टिकला तर करंट लागत नाही ना? मग कशाने पेटणार?

ड्रम_आणि_पंप: बरोबर ओरडला तो. प्लास्टिकमधून करंट जात नाही हीच तर गोची आहे, पेट्रोल नळीतून घासत येतं तेव्हा त्यात चार्ज तयार होतो, कॅन जमिनीवर असला तर तो हळूहळू उतरतो पण डिकीतल्या कार्पेटवर ठेवला की त्याला जायला वाटच नाही, मग तो साठतो आणि नोझल जवळ आला की चट्ट. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास एनर्जी पुरते. अंगातून बसलेला चटका आपल्याला कळतो तोच साधारण 3000 व्होल्टच्या पुढे, म्हणजे बोटाला जाणवली ती ठिणगी पुरेशी आहे असंच धरा. कॅन जमिनीवर, नोझल तोंडाला शेवटपर्यंत टेकलेला, आणि सुरुवातीला हळू सोडा.

जनरेटरवाला: बापरे. स्वेटर काढताना चटचट होतं तेवढ्याने? आणि मोबाईलचं काय मग?

फिरता_मेकॅनिक: मोबाईलचा उगाच बोलबाला झालाय. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपावरच्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, त्यात मोबाईलने लागलेली एकही पक्की निघाली नाही, बऱ्याच ठिकाणी माणूस पेट्रोल चालू ठेवून परत गाडीत बसला, सीटवर घासत उतरला आणि थेट नोझलला हात. हवा कोरडी असली की जास्तच. बसूच नका, बसलात तर आधी नोझलपासून लांब गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. पेटलंच तर नोझल ओढून काढू नका, पेट्रोल सांडून आग पसरते, लांब व्हा आणि पंप बंद करायला ओरडा.

ड्रम_आणि_पंप: अजून एक, प्लास्टिकच्या कॅनवर पत्र्याचं नरसाळं नको, ते कशालाच जोडलेलं नसतं म्हणून चार्ज धरून बसतं. लोखंडी ड्रममधून लोखंडी डब्यात ओतायचं असेल तर आधी दोघांना वायरने जोडा, ड्रमला अर्थिंग द्या, झाकण नंतर उघडा. आमच्याकडे एकाने क्लिप रंगावरच लावली होती, दिसायला जोडलेली पण कॉन्टॅक्ट शून्य. रंग खरवडला तेव्हा कुठे मीटर हलला.

जनरेटरवाला: नरसाळं पत्र्याचंच आहे माझं 😅 उद्याच बदलतो.