आईच्या मानेचं ऑपरेशन करावं का? सी५-६ ला मज्जारज्जूवर दाब, दोन डॉक्टरांची दोन मतं (सोलापूर)

पूर्वभाग_७२

आई ५४ वर्षांची, विड्या वळते. साखर आहे (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ८.६), बीपी नाही. मिश्री लावते. मान आणि उजवा खांदा आठ महिन्यांपासून दुखतो, उजव्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात. एमआरआयचा रिपोर्ट असा: सी५-६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये) डिस्क-ऑस्टिओफाइट कॉम्प्लेक्स, म्हणजे सरकलेली गादी आणि वाढलेले हाडाचे काटे, कॉर्ड (मज्जारज्जू) दबलेली, तिथे टी२ सिग्नल वाढलेला (कॉर्डला इजा झाल्याची खूण), कॅनॉल (मज्जारज्जूची पोकळी) ८ मिमी. सी६-७ ला उजवीकडचं फोरामेन (नस बाहेर पडायचं भोक) अरुंद. सी४-५ ला गादी थोडी फुगलेली.

एक सर्जन म्हणतात, समोरून ऑपरेशन करू, गादी काढून केज आणि प्लेट बसवू, लांबवू नका. दुसऱ्यांनी मानेचा पट्टा, रात्री प्रीगाबालिन ७५ (नसेच्या दुखण्याची गोळी) आणि तीन महिने फिजिओथेरपी सांगितली. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, मानेला सुरी लावायचीच नाही, माणूस अंथरुणाला खिळतो. शेजारच्यांनी तर मान मोडून देणाऱ्याचा पत्ता आणून दिलाय.

पट्ट्याने दुखणं निम्म्यावर आलंय, त्यामुळे थांबावं असं वाटतं. बाकी विशेष काही नाही. ब्लाऊजचे हूक लावायला आता वेळ लागतो, विड्यांचा दोरा बांधताना हात अडखळतो, आणि उजव्या पायातली चप्पल कधी निसटते ते तिला कळत नाही. पण ते साखरेमुळे असेल. काय करावं?

मणका_ओपीडी

"बाकी विशेष काही नाही" म्हणून जे लिहिलंत, तेच सगळ्यात विशेष आहे. हूक, दोरा, चप्पल. मानदुखी कमी झाली की नाही, यावर हा निर्णय ठरत नाही.

गादी मागे सरकली की दोनपैकी एक गोष्ट दबते. बाजूला सरकली तर हातात जाणारी नस. सी५-६ ला सहावी नस, म्हणून अंगठा. सी६-७ ला सातवी, म्हणून मधलं बोट आणि कोपर सरळ करायची ताकद. नुसती नस दबली असेल तर बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत औषध, व्यायाम आणि थोड्या विश्रांतीने आराम पडतो आणि ऑपरेशन टळतं. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला त्या आजारासाठी अगदी योग्य आहे.

मधोमध सरकली तर खुद्द मज्जारज्जू दबतो. त्याला मायलोपॅथी म्हणतात. त्यात दुखेलच असं नाही, आणि इथेच लोक फसतात. बोटांची बारीक कामं बिघडतात, चालताना तोल जातो, पाय कडक वाटतात, लघवीला एकदम घाई होते. तुमच्या रिपोर्टमध्ये कॉर्ड दबलेली आहे, सिग्नलही बदललेला आहे. आता तपासणीत काय सापडतं ते महत्त्वाचं, कारण ५०-५५ वयाच्या कुणाचाही एमआरआय काढा, एखाद-दुसरी गादी फुगलेली निघतेच. नुसत्या फिल्मवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही, ठरवूही नये.

घरी एवढं बघा. दोन्ही हात पुढे धरून मुठी पूर्ण उघडायच्या-मिटायच्या, १० सेकंदांत किती होतात ते मोजा. २० च्या आसपास व्हायला हव्यात. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा. मान खाली घातल्यावर पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं का, ते विचारा.

डॉक्टरांकडे हॉफमन चाचणी (मधल्या बोटाचं नख झटकून अंगठा आपोआप वाकतो का बघतात, वाकला तर मज्जारज्जू दबल्याचा संशय), गुडघ्याचे रिफ्लेक्स आणि एमजेओए स्कोअर (मायलोपॅथी किती आहे ते मोजणारा) लिहून मागा. हा स्कोअर १८ पैकी असतो: हात ५, पाय ७, संवेदना ३, लघवी ३. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा त्याखाली तीव्र. एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मध्यम आणि तीव्र असेल तर ऑपरेशन करावं, सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, यांतलं एक.

साखरेवर ढकलण्याआधी: साखरेच्या मुंग्या बहुधा दोन्ही तळपायांपासून सुरू होतात आणि त्यात रिफ्लेक्स मंदावतात. मज्जारज्जू दबला तर ते वाढतात. विड्या वळणाऱ्यांमध्ये मनगटात नस दबण्याची शक्यताही असते. ती मुख्यतः रात्री हात झटकायला लावते, त्यासाठी एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) करून घ्या. आणि बी१२ तपासाच. त्याच्या कमतरतेनेही तोल जातो.

ट्रॅक्शन_जिंदाबाद

इतकं घाबरवू नका हो. वजन लावून रोज २० मिनिटं मान ताणली की गादी आत जाते. अनेकांना फरक पडलाय.

मणका_ओपीडी

नस दबलेल्याला ट्रॅक्शनने काही वेळ बरं वाटतं, हे खरं. गादी "आत जाऊन बसते" हे खरं नाही. आणि कॉर्ड दबलेली असताना तपासणीशिवाय ट्रॅक्शन लावणं धोक्याचं आहे. मान मोडणं तर पूर्ण बंद. न्हाव्याकडे दाढीनंतर मानेला जो झटका देतात तोसुद्धा नको. ८ मिमीच्या कॅनॉलमध्ये झटका सोसायला जागाच शिल्लक नसते. शिवाय झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, मग तो मामला पॅरालिसिसचा.

पूर्वभाग_७२

परवा दाखवून आलो. मुठी उजव्या हाताच्या १२, डाव्याच्या १७. हॉफमन दोन्हीकडे पॉझिटिव्ह, एमजेओए १३. बी१२ १४०, म्हणजे कमी. मनगटाचं एनसीव्ही नॉर्मल. व्यायाम सांगणारे डॉक्टरही आता ऑपरेशन करा म्हणतात. पहिल्या वेळी चप्पल निसटण्याचं आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. बी१२ ची इंजेक्शनं चालू केलीत. त्यानेच पाय सुधारला तर? आणि समोरून करायचं की मागून, एक मणका की दोन, केज की हलणारी कृत्रिम गादी? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ओटी_बाजूने

बी१२ द्या, पण त्यावर थांबू नका. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, आणि इंजेक्शनाने हाडाचा दाब हटत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा १४० चा आकडा आवर्जून दाखवा: नायट्रस ऑक्साइड वायूने बी१२ निकामी होतं आणि मज्जारज्जूचं नुकसान वाढू शकतं, म्हणून अशा पेशंटला तो टाळतात. श्वासाची नळी घालताना मान फार मागे वाकवायची नाही, हेही ते बघतील. त्यासाठी फायबरऑप्टिक किंवा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (कॅमेऱ्यातून बघत नळी घालायचं साधन) आहे का, एवढं विचारून ठेवा.

समोर की मागे, हे दाब कुठून आहे, किती मणक्यांवर आहे आणि मानेची कमान कशी आहे, यावर ठरतं. एक-दोन पातळ्या आणि दाब समोरून, तर समोरून. तीन किंवा जास्त पातळ्या असतील आणि मानेचा नैसर्गिक बाक टिकून असेल, तर मागून लॅमिनोप्लास्टी (मणक्याची मागची कमान उघडून जागा वाढवणं), किंवा लॅमिनेक्टॉमी (ती कमान काढून टाकणं) करून स्क्रू-रॉड. मोठ्या लांबीची नुसती लॅमिनेक्टॉमी केली तर पुढे मान पुढच्या बाजूला वाकू शकते. त्यासाठी एमआरआय पुरत नाही. मान वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे, आणि सीटी. सीटी यासाठी की मणक्यांमागचा लिगामेंट हाडासारखा कडक झालेला असेल (ओपीएलएल) तर तो एमआरआयवर नीट ओळखू येत नाही, आणि असेल तर बेतच बदलतो. समोरून काढताना तो मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेला निघू शकतो.

समोरच्या ऑपरेशनला एसीडीएफ म्हणतात, १९५० च्या दशकापासून होतंय. मानेच्या घडीत ३-४ सेंमीचा आडवा छेद. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली गादी आणि मागचे हाडाचे काटे काढतात, जागेत पीईईके (एक कडक प्लास्टिक) किंवा टायटेनियमचा केज, त्यात हाडाचा चुरा, वरून प्लेट.

सी६-७ घ्यायचा का, हे सर्जनना थेट विचारा: "कोपर सरळ करायची ताकद कमी आहे का? मधलं बोट बधिर आहे का?" दोन्ही नसेल तर निव्वळ फिल्मवर दिसतंय म्हणून तो मणका जोडायला लावू नका. जितके मणके जास्त, तितकी हाड न जुळण्याची शक्यता जास्त. उलट बाजू अशी की जोडलेल्याच्या वरखालच्या गाद्यांवर ताण येतो, आणि वर्षाला साधारण ३ टक्के पेशंटना तिथे नवा त्रास सुरू होतो. हलणारी गादी त्यासाठीच निघाली. पण मागचे सांधे झिजलेले असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा ओपीएलएल असेल तर ती बसवत नाहीत. हाडाचे काटे इतके वाढलेत म्हणजे सांधेही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. माझं मत केजकडे झुकतं. सीटी बघून सर्जन सांगतील ते अखेरचं.

अंथरुणाला खिळण्याची भीती: एका पातळीच्या एसीडीएफमध्ये मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. न करता थांबलेल्यांमध्ये मात्र ३ ते ६ वर्षांत २० ते ६० टक्के लोक खालावतात, असं अभ्यासांत दिसलंय. घरातल्या मोठ्यांपुढे हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा. मात्र आशाही बेतानेच ठेवा. हाताची कळ बऱ्याचदा लगेच जाते, बधिरपणा महिनोन्‌महिने घेतो, आणि कॉर्डचं जे नुकसान झालंय त्यातलं किती भरून येईल ते कुणी लिहून देणार नाही. पहिला हेतू खालावणं थांबवण्याचा. म्हणून तीन महिने नको, काही आठवड्यांत करा. लघवी अडली किंवा पायातलं बळ एकदम गेलं तर त्याच दिवशी भरती.

काय बिघडू शकतं: गिळताना त्रास (बऱ्याच जणांना, काही आठवडे), आवाज बसणं, क्वचित खांदा उचलता न येणं, हाड न जुळणं. जीवावरचं एकच लक्षात ठेवा. पहिल्या २४ तासांत गळा फुगला, आवाज घोगरा होत गेला, आडवं झाल्यावर श्वास लागला, तर नर्सला हाक मारा, "सकाळी बघू" ऐकून घेऊ नका. आत रक्त साठलं तर टाके खाटेवरच उघडावे लागतात. त्या रात्री जागं राहणारं माणूस सोबत ठेवा.

कागदं_बघतो

थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड, आधार, एमआरआय फिल्म घेऊन आधी रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा. ऑपरेशन आधी मंजूर व्हावं लागतं, पैसे भरून मागाहून परत मिळवू म्हणाल तर अडकाल. त्या रुग्णालयाला मणक्याच्या ऑपरेशनची मान्यता आहे का आणि केज-प्लेट पॅकेजमध्ये धरलेत का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. हेल्पलाइन १५५३८८. योजनेबाहेर करणार असाल तर इम्प्लांटची किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या, आणि त्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा, पुढच्या प्रत्येक एमआरआयला लागतं. तिसरं मत पुण्यात घ्यायचं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं.

मणका_ओपीडी

तयारी आजपासून. साखर खाली आणा. बऱ्याच ठिकाणी ८ च्या आत मागतात, पण कॉर्ड दबलेली असताना त्या आकड्यासाठी महिने घालवत नाहीत, भरती करून इन्सुलिनवर आणतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. प्रीगाबालिनही एकदम तोडायची नाही.

मिश्री आजच बंद. निकोटीनने हाड जुळायला अडथळा येतो. आणि हे सहसा कुणी सांगत नाही: तंबाखू हाताळताना निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. म्हणून ऑपरेशननंतर विड्या वळणं एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत नको, म्हणजे किमान तीन महिने, कधी सहा. आठवड्याची मजुरी बुडणार, ती सोय आधी करा. पुढे वळायला बसली तर सूप मांडीवर नको, पाटावर किंवा चौरंगावर उंच ठेवायचं, पाठ भिंतीला, आणि दर अर्ध्या तासाला उठायचं.

पहिले दोन-तीन आठवडे मऊ भात, आंबील, ताकात कुस्करलेली ताजी भाकरी. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी नंतर. एका पातळीला प्लेट असेल तर बरेच सर्जन पट्टा लावतही नाहीत. लावायला सांगितला तर आत सुती कापड ठेवून ते दिवसातून दोनदा बदला, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने कातडी सोलते. सहा आठवडे २-३ किलोवर काही उचलायचं नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि आलं की बायका घागरी घेऊन धावतात. भरलेली घागर १५ किलोच्या पुढे जाते. पाण्याच्या दिवशी भरायला दुसरं कोण असेल, ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरवून ठेवा.