मदत हवी आहे: ऑगस्टअखेर येलोस्टोनजवळ ट्राउट मासे, नदी की तलाव?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा मालवणचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीत गरवायला जायचो. गेली चार वर्षं सॉल्ट लेक सिटीत आहे आणि इथे फ्लाय फिशिंगचा, म्हणजे किड्यासारख्या खोट्या आमिषाने (फ्लायने) गरवायचा नाद लागलाय. मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा, हे आईला फोनवर अजून पटवता आलेलं नाही.

या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस वेस्ट येलोस्टोनला, येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरच्या गावात, मुक्काम आहे. विचारायचं कारण मागच्या वर्षीचं. ऑगस्टचा दुसरा आठवडा, मॅडिसन नदी, एनिस तलावाच्या खालचा भाग, दुपारचे बारा. चांगला हातभर ब्राउन ट्राउट लागला. टिपेट (दोरीचं फ्लायकडचं टोक) बारीक, ६एक्स, म्हणून घाबरत घाबरत सात-आठ मिनिटं खेळवला. फोटो काढले. पाण्यात सोडला तर कल्ले जेमतेम हलत होते. तोंड प्रवाहाकडे करून पंधरा मिनिटं धरून ठेवला. हात सोडला की पिवळं पोट वर. शेवटी तसाच वाहत गेला. पाणी हाताला चांगलं थंड लागत होतं हो!

तर नदीवर जाऊ की तलावावर? किती वाजता? आणि फ्लाय कुठल्या बांधून ठेवू?

बोझमनकर:
फ्लायचं नंतर बघू, आधी थर्मामीटर घ्या. दहा-पंधरा डॉलरला मिळतो. हाताचा अंदाज इथे कामाचा नाही. आपलं अंग ९८ फॅरनहाइटचं, त्याला ७२चं पाणी थंडच लागणार. ट्राउटला ते उकाड्यासारखं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. त्यात तुम्ही त्याला आठ मिनिटं पळवलंत, वर फोटोसाठी बाहेर काढलंत. ६८ दिसलं की रॉड गुंडाळायचा, हा माझा नियम.

जागाही नेमकी वाईट निवडलीत. एनिस तलाव उथळ आहे, उन्हात परातीसारखा तापतो आणि तेच पाणी खाली येतं. मॉन्टानात सलग तीन दिवस पाणी ७३ला पोचलं की साधारणपणे दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. याला 'हूट आउल' म्हणतात. वणव्याच्या भीतीने लाकूडतोडे पहाटे घुबडं घुमत असतानाच कामाला लागायचे, त्यावरून आलेलं नाव. पण बंदी नाही म्हणजे पाणी ठीक आहे असं समजू नका. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) साइटवर बऱ्याच नद्यांचं तापमान ताजं दिसतं, निघण्याआधी ते बघा. पाणी सर्वांत गार उजाडताना असतं, संध्याकाळी नव्हे. सूर्य मावळला तरी नदी बराच वेळ तापलेलीच राहते.

तळ्यातमळ्यात:
मी तलाववाली! हेबगेन तलाव तुमच्या मुक्कामापासून जवळच आहे. सकाळी वारा पडलेला असताना कॅलिबेटिस आणि ट्रायको माश्या पाण्यावर पडतात आणि ट्राउट त्या टिपत फिरतात. आवाज अगदी गटक् गटक् असा येतो, म्हणून त्यांना 'गल्पर' म्हणतात. मासा दिसला तिथे टाकू नका, पुढे जिथे तोंड वर काढेल असं वाटतं तिथे टाका. माझे पहिले दोन दिवस यातच गेले. दहा-अकराला वारा सुटला की खेळ खलास, मग घरी येऊन पोहे.

मालवणी_गरी (धागाकर्ता):
धन्यवाद! पण मग हॉपरचं, म्हणजे नाकतोड्यासारख्या फ्लायचं काय? सगळे म्हणतात ऑगस्ट म्हणजे नाकतोडे, आणि ते तर दुपारच्या वाऱ्यानेच पाण्यात पडतात ना?

बोझमनकर:
बरोबर पकडलंत, खरी अडचण तीच. म्हणून दुपारसाठी उंचावर जा. येलोस्टोन पार्कच्या ईशान्य भागात लमार नदी आणि स्लू क्रीक, साडेसहा हजार फुटांच्या आसपास. ऑगस्टअखेर तिथे रात्री चांगल्याच गार होतात. तरी थर्मामीटर बुडवायचाच. आदल्या दिवशी वळीव झाला असेल तर लमार गढूळ होते, मग बेत बदला. फायरहोल नदीकडे फिरकू नका, जमिनीतून उसळणाऱ्या गरम कारंज्यांचं (गीझरचं) पाणी तिच्यातच जातं.

लमारला कटथ्रोट ट्राउट मिळेल, जबड्याखाली लाल रेघ असलेला. तो हॉपरपाशी सावकाश येतो, निरखतो, मग तोंड उघडतो. तुम्ही दिसल्याबरोबर हिसका द्याल. देऊ नका. मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा, मग रॉड उचला. टिपेट जाड, ४एक्स, लावा म्हणजे मासा पटकन जवळ येईल. पार्कचा परवाना वेगळा, मॉन्टानाचा तिथे चालत नाही. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका आणि फेल्टच्या तळव्याचे बूट घरीच ठेवा, पार्कात बंदी आहे. अस्वलाचा स्प्रे कमरेला हवा, गाडीत नको.

मालवणी_गरी:
ठरलं. दोन सकाळी हेबगेन, दोन दिवस लमार. थर्मामीटर काल आणला. स्वयंपाकघरात नळाखाली पातेलं भरून त्यात हात घातला, छान गार लागलं. मग थर्मामीटर बुडवला. ७१.