नवे ग्लो प्लग टाकूनही थंडीत गाडी चालू होईना, पंप उतरवायचा का?

पहाटफेरी:
चार सिलिंडरचा डिझेल पिकअप ट्रक आहे, जुना, मेकॅनिकल पंपाचा (सिलिंडरला डिझेल पुरवणारा पंप), 12 व्होल्टचा. दिवसभर चावी फिरवली की लगेच चालू. पण रात्रभर उघड्यावर थांबला आणि थंडी पडली की सकाळी सेल्फ मारत राहावं लागतं. मागून पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबणारा. मग एखाद-दुसरा सिलिंडर पकडतो, इंजिन थडथडतं आणि थोड्या वेळाने सुरळीत होतं. चारही ग्लो प्लग (गार इंजिनात सिलिंडरच्या आत तापणारे) नवे टाकले, काही फरक नाही. डॅशबोर्डवरचा ग्लो प्लगचा पिवळा दिवा लागतो, विझतो. मेकॅनिक आता पंप उतरवू म्हणतोय. उतरवायचा का?

हायवेकर:
आधी बॅटरी लोडवर तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बाकी सगळं नंतर. ऑइल जाड असेल तरी थंडीत इंजिन जड फिरतं आणि हवा पुरेशी तापत नाही.

पहाटफेरी:
सेल्फ खणखणीत फिरतो. सेल्फवर व्होल्टेज साडेदहाच्या आसपास राहतं.

नोझलवाला:
मग पंपाला हात लावू देऊ नका. तुमचा पंप डिझेल देतोय याचा पुरावा सायलेन्सरमधूनच बाहेर पडतोय. सेल्फ मारताना येणारा पांढरा, झोंबरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलं, उष्णता कमी पडली. धूरच आला नसता तर मी फिल्टर, लाइनमधली एअर, पंपावरचा सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) या बाजूला गेलो असतो.

डिझेलला पेटायला ठिणगी लागत नाही, तापलेली हवा लागते. साधारण 210 अंशांच्या पुढे ते आपोआप पेटतं. दाबल्यावर हवा याच्या कितीतरी वर तापते, पण इंजिन गार असलं की ती उष्णता हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) शोषून घेतात. ही तूट ग्लो प्लग भरून काढतो. त्याचं टोक 800 ते 1000 अंशांपर्यंत लाल होतं. नवा प्लगसुद्धा पुरेसं व्होल्टेज मिळालं तरच तापणार. तुम्ही प्लग बदलले, पण त्यांच्यापर्यंत वीज किती येते हे अजून कुणी मोजलेलं दिसत नाही.

पिवळ्या दिव्यावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो फक्त टायमर चालू आहे एवढंच सांगतो. प्लगची पट्टी काढून बाजूला ठेवली तरी तो लागेल आणि वेळ झाली की विझेल.

आता असं करा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब चार प्लग जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर. दुसऱ्या माणसाला चावी फक्त ऑन करायला सांगा, सेल्फ नको. पट्टीवरचा आकडा लिहा आणि त्याच अवस्थेत बॅटरीच्या टर्मिनलवरचाही लिहा. बॅटरी नुसती उभी असतानाचा आकडा इथे काही कामाचा नाही, प्लग वीज ओढत असतानाचाच हवा.

मग चावी बंद करून पट्टी सोडा आणि एकेका प्लगचा रेझिस्टन्स हेडशी मोजा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स आधी वजा करा, इथे सगळा हिशेब एक-दोन ओहमचाच आहे. थंड प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तो गेला, नवा असला तरी. प्लगवर छापलेलं व्होल्टेजही बघून सांगा.

माळरान:
तोवर गाडी अडली तर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारता येईल ना?

नोझलवाला:
अजिबात नाही. त्या स्प्रेत ईथर असतं आणि ते 160 ते 180 अंशांनाच पेट घेतं. लालबुंद प्लगसमोर ते पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं. रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो, आणि स्प्रे मारणाऱ्याच्या तोंडाशी ज्वाळा येऊ शकते. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर आहे, त्याच्या जवळ तो डबा नेऊच नका.

पहाटफेरी:
मोजलं. प्लगवर 11 व्होल्ट छापलंय. चावी ऑन असताना बॅटरीवर 11.7, पट्टीवर 8.6. रेझिस्टन्स तिघांचा साधारण 0.8, तिसऱ्या नंबरचा 1.9.

नोझलवाला:
सापडलं. वाटेत 3.1 व्होल्ट गळतायत. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे प्लगना जवळपास निम्मीच ताकद मिळतेय. तेवढ्यावर टोक तापेल, लाल होणार नाही. चार प्लग मिळून पहिल्या क्षणी 60-70 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतात. एवढ्या करंटला जळका कॉन्टॅक्ट किंवा ढिला नट लगेच आडवा येतो.

आता गळती कुठे ते शोधा. प्लग चालू असताना मीटरचे दोन्ही प्रोब रिलेच्या (प्लगना वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दोन जाड टर्मिनलांवर ठेवा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत. रिले ठीक निघाला तर असंच मोठ्या फ्यूजवर, मग वायरीच्या लग्जवर (टोकांच्या धातूच्या कड्यांवर) मोजा. इंजिनाचा अर्थही (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) सोडू नका, एक प्रोब हेडवर आणि एक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून बघा.

तिसऱ्या प्लगचा नट आणि पट्टी घासून पुन्हा मोजा. 1.9 तसाच राहिला तर तो प्लग बाकीच्यांच्या जातीचा नाही, बदला. काढताना इंजिन गरम असू द्या आणि जोर करू नका. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते.

सिंगलकॅब:
माझा कॉमन रेल (नव्या पद्धतीचं, कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) आहे, प्लगवर मीटर सहाच्या आसपास दाखवतो. माझाही रिले गेला का?

नोझलवाला:
नाही, तुमचं वेगळं आहे. नव्या गाड्यांत 5 किंवा 7 व्होल्टचे प्लग असतात आणि कंट्रोलर त्यांना तुकड्या-तुकड्यांत वीज देतो, म्हणून साधा मीटर कमी दाखवतो. त्या प्लगला थेट 12 व्होल्ट लावून तपासू नका, काही सेकंदांत टोक जळतं. तुमच्याकडे स्कॅनर लावून कुलंटचं तापमान बघा. रात्रभर थांबलेल्या गाडीत सेन्सर 70-80 अंश सांगत असेल तर कंट्रोलर प्लग तापवणारच नाही.

पहाटफेरी:
रिलेवरच 2.7 गळत होते. उघडला तर आत कॉन्टॅक्ट काळे, खड्डे पडलेले. नवा टाकला, आता पट्टीवर 11.2 येतात. तिसरा प्लग घासूनही 1.9 च होता, तोही बदलला. आज सकाळी दिवा विझल्यावर सेल्फ मारला आणि लगेच चालू झाली. धूर क्षणभर आला, थडथड नाही. दिवा विझल्यावरही पट्टीवर व्होल्टेज दिसत राहतं, ते बरोबर आहे ना?

नोझलवाला:
बरोबर आहे, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरही धूर आणि थडथड कमी राहावी म्हणून प्लग काही वेळ तापत ठेवतात. मात्र दोन-चार मिनिटांत ते शून्यावर यायला हवं. इंजिन गरम झाल्यावर एकदा मोजा. तेव्हाही वीज येत असेल तर नवा रिले चिकटलाय किंवा टायमर सोडत नाही. तसंच चालवलं तर प्लगचं टोक फुगतं आणि मग ते हेडमधून बाहेर येत नाही.

पहाटफेरी:
गरम झाल्यावर मोजलं, शून्य.