अग्निवीरांची पहिली बॅच बाहेर पडायच्या आत मुदत 4 वरून 7 वर्षं करा

सातारकर78:
जून 2022 ला अग्निपथ, म्हणजे पोरांना चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून फौजेत घ्यायची योजना, जाहीर झाली तेव्हा बिहारमध्ये रेल्वे जळाल्या, टीव्हीवर आठवडाभर आरडाओरडा झाला आणि मग सगळे विसरले. आता लष्करातल्या पहिल्या बॅचची चार वर्षं संपत आलीयेत. त्यातली जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम होणार, बाकीची वयाच्या 21-22 ते 26-27 व्या वर्षी घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे कॅन्टीन आणि ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखानाही नाही. हातात सेवा निधीचे 11 लाख 71 हजार. आणि हे 11 लाख सरकारने दिले असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे, कारण त्यातले 5 लाख 2 हजार पोराच्याच पगारातून दर महिन्याला 30 टक्के कापलेले असतात, तेवढेच सरकार घालतं आणि वर व्याज. पहिल्या वर्षी 30 हजार पगार म्हणतात पण हातात 21 हजारच पडतात ते त्यामुळेच.

माझं म्हणणं योजना गुंडाळा असं नाहीये. फौज तरुण हवी हे मलाही पटतं. पण कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने काय लिहिलं होतं ते बघा. 1976 पासूनची 17 वर्षांची कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष फौजेतली नोकरी) कमी करून 7 ते 10 वर्षांवर आणा, आणि त्यानंतर त्या जवानांना निमलष्करी दलांत घ्या. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. आपण पहिला भाग उचलला, तो पण 7 चा 4 करून, आणि दुसरा भाग निमलष्करी भरतीतल्या राखीव कोट्यावर सोडून दिला. म्हणून मागणी साधी आहे: मुदत 7 वर्षं करा, आणि ज्याचं रेकॉर्ड चांगलं आहे त्याला परत परीक्षेला न बसवता थेट सीएपीएफमध्ये (बीएसएफ, सीआरपीएफसारख्या निमलष्करी दलांत) घ्या.

हिशेबी_पुणेकर:
दादा भावना समजतात पण पैसे कुठून आणायचे ते कुणीच लिहीत नाही. 2025-26 चं संरक्षण बजेट 6 लाख 81 हजार कोटी. त्यातले 1 लाख 60 हजार कोटी नुसते पेन्शनला. नवीन विमानं, तोफा, जहाजं, पाणबुड्या या सगळ्यासाठी जे भांडवली पैसे आहेत ते 1 लाख 80 हजार कोटी. म्हणजे शस्त्र घ्यायला जेवढे पैसे त्याच्या जवळपास तेवढेच निवृत्त झालेल्यांना. चीनने 2015 ला 3 लाख सैन्य कमी करतो म्हणून जाहीर केलं आणि तो पैसा नौदल, मिसाईल, सायबरकडे वळवला. पुढचं युद्ध माणसं मोजून जिंकणार नाही हे मे 2025 ला ऑपरेशन सिंदूरमध्ये आपण बघितलंय, ड्रोन आणि एअर डिफेन्सवर सगळं चाललं.

शिवाय वन रँक वन पेन्शन (हुद्दा आणि सर्व्हिस सारखी तर पेन्शनही सारखी) लागू केल्यापासून दर पाच वर्षांनी पेन्शन सुधारते, हा खर्च दरवर्षी आपोआप वाढत जातो. कुठेतरी थांबवायलाच लागणार होतं. कुणीही पंतप्रधान असता तरी हेच करायला लागलं असतं.

सातारकर78:
आकडे बरोबर आहेत हिशेबीजी, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. आज जे पेन्शनवर जातायत ते 2007-08 च्या आसपास भरती झालेले. 2022 ला जो रेग्युलर शिपाई भरती झाला असता तो 15 वर्षांची पेन्शनपात्र नोकरी करून लवकरात लवकर 2037 ला पेन्शनवर गेला असता. म्हणजे अग्निपथमुळे पेन्शनमधला पहिला रुपया वाचणार तो 2037 च्या पुढे. तोपर्यंत हे 1 लाख 60 हजार कोटी वाढतच राहणार, अग्निवीर असो नसो. आणि त्या आकड्यात नुसते फौजी नाहीत, संरक्षण खात्यातले 2004 च्या आधी लागलेले सिव्हिलियन कर्मचारी पण आहेत. मग पेन्शनमुळे राफेल अडलं, पाणबुडी अडली असं सांगून 22 वर्षाच्या पोराला आज घरी पाठवायचं कशासाठी?

आज जो पैसा वाचतोय तो पगारातला. अग्निवीराला महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही, वर्षाला रजा 30 दिवस आणि शेजारच्या बंकमधल्या रेग्युलर जवानाला 90. पोस्ट एकच, ड्युटी एकच.

सुभेदार_निवृत्त_बेळगाव:
जय हिंद. मी मराठा लाईट इन्फंट्रीत पूर्ण सर्व्हिस करून आलोय त्यामुळे पैशाचं हिशेबीसाहेबांनी बघावं, मी पलटणीचं सांगतो. सहा महिन्यात पोरगा रंगरूटाचा शिपाई होतो पण सैनिक होत नाही. पलटणीत आल्यावर पहिली दोन वर्षं तो नुसता शिकतो, शस्त्र, रेडिओ, नकाशा, रात्रीची गस्त, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या सेक्शनमधल्या दहा माणसांपैकी कोण कुठल्या वेळी काय करेल हे. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर भरवसा ठेवता येतो आणि चौथ्या वर्षी तो कुणाला कायम ठेवायचं ते ठरवणाऱ्या बोर्डाच्या विचारात. सातव्या वर्षापर्यंत राहिला तर तोच पोरगा नवीन चार जणांना तयार करतो. तो माणूस आपण घरी पाठवतोय.

दुसरं, चारातल्या एकालाच ठेवणार म्हटल्यावर सेक्शनमध्ये शर्यत लागते. सोबत्याला मागे टाकलं तर माझी नोकरी पक्की असं ज्या पोराच्या डोक्यात बसलं त्याने गोळीबारात त्याच सोबत्यासाठी जीव का टाकावा? पोरं चांगली आहेत, उलट आमच्या वेळेपेक्षा शिकलेली आहेत, मोबाईल ड्रोन पटकन शिकतात. दोष पोरांचा नाही, नियमाचा आहे.

कोल्हापूरची_वहिनी:
मी भरती अकॅडमीत लेखीची तयारी घेते, गडहिंग्लज, कागल, शिरोळ इकडची पोरं येतात. मला सातारकरदादांचं अजिबात पटत नाही आणि सुभेदारकाकांचंही पूर्ण नाही.

तुम्ही सगळे जुन्या नोकरीशी तुलना करताय. माझ्याकडच्या पोराची तुलना त्याच्याशी नाहीच. त्याच्यापुढे तीन रस्ते असतात: एमआयडीसीत कंत्राटी काम, पोलीस भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसणं, नाहीतर पुण्यात रूम घेऊन एमपीएससीच्या नावाखाली पंचविशी ओलांडणं. त्याच्या शेजारी अग्निवीर ठेवून बघा. दहावी-बारावी झालेला पोरगा चार वर्षं शिस्तीत राहतो, खातोपितो सरकारचं, घरी पैसे पाठवतो आणि बाविसाव्या वर्षी 11-12 लाख करमुक्त घेऊन येतो. आमच्या भागात त्या वयात एवढी रक्कम कुणाच्या हातात असते? दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात बोअर, पाइपलाइन, जर्सी गाई एवढं होतं त्यात. आणि कुणी जबरदस्तीने नेत नाही, ग्राउंडवर आजही 1600 मीटरला गर्दी तेवढीच आहे.

आणि जागांचा हिशेब करा. चार वर्षं केली तर दर चार वर्षांनी नवीन पोरांना जागा. सात केली तर जागा फिरायचं थांबणार, बाहेर पळणारी पोरं वय निघून जाऊन बसतील. कोविडमध्ये दोन वर्षं भरती बंद होती तेव्हा काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, मेडिकल झालेली, नुसतं लेखी राहिलेली पोरं वयात बाद झाली, 2022 ला एकदाच म्हणून 23 पर्यंत वय वाढवलं त्याने काहीच वाचली. परत ते नको.

सातारकर78:
वहिनी, गर्दी आहे म्हणजे नोकरी चांगली आहे असं होत नाही, दुसरं काही नाही एवढंच त्यातून कळतं, आणि ते तुम्हीच वर लिहिलंय. जागांचं म्हणाल तर 2019-20 ला नुसत्या लष्करात 80 हजारांच्या आसपास भरती झाली होती. अग्निपथच्या पहिल्या वर्षी तिन्ही दलं मिळून 46 हजार, आणि त्यातल्या पाऊण जणांना परत बाहेर काढायचं. जागा वाढल्या कुठे? माझं गाव अपशिंग्याच्या जवळ आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं. तिथे घरटी फौजी आहे, पण तिथलं घर उभं राहतं ते फौजीच्या पगारावर एकदा आणि पेन्शनवर दुसऱ्यांदा. जमीन थोडी, पाऊस बेभरवशी, तिथे महिन्याला येणारी पेन्शन हीच दुष्काळात पोरांची फी भरते. 11 लाख एकदा मिळतात आणि बहिणीच्या लग्नात नाहीतर घराच्या स्लॅबमध्ये जातात. मग?

वऱ्हाडी_वकील:
एक मुद्दा कुणीच काढला नाही तो मी काढतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर सियाचीनवर ड्युटी करताना गेला. घरच्यांना विमा 48 लाख, 44 लाख सानुग्रह, सेवा निधी, उरलेल्या मुदतीचा पगार असे सगळे मिळून एक कोटीच्या वर मिळणार हे लष्कराने तेव्हा सांगितलं होतं. रक्कम मोठी आहे, नाकारत नाही. पण लढाईत गेलेल्या रेग्युलर जवानाच्या घरी कुटुंबाला शेवटच्या पगाराएवढी पेन्शन चालू राहते, अग्निवीराच्या घरी महिन्याचं काहीच नाही. मुदत 4 का 7 यावर वाद घाला, पण हा भेद उद्या सकाळी काढता येतो, त्याला मोठं बजेट लागत नाही. युनिफॉर्ममध्ये गेलेल्यांची संख्या देवदयेने एवढी मोठी नसते की तिजोरी रिकामी होईल. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी 2023 ला योजना वैध ठरवली, सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही, म्हणून हे आता कोर्टातून होणार नाही. हे खासदारांकडून करून घ्यायला लागेल, कुठल्याही पक्षाच्या.

हिशेबी_पुणेकर:
वकीलसाहेबांशी पूर्ण सहमत, कुटुंब पेन्शन द्यायलाच हवी.

पण सातारकर, तुमच्या 7 वर्षांच्या मागणीत एक मोठी गोष्ट सुटतेय. सीएपीएफमध्ये थेट घ्या म्हणताय, तिथे माणूस 60 पर्यंत राहतो. म्हणजे खर्च संरक्षण खात्यातून गृह खात्यात ढकलला, देशाचा कमी झाला नाही. आणि सीआरपीएफ, बीएसएफच्या भरतीसाठी वेगळी पोरं पळतायत त्यांच्या जागा गेल्या, वहिनींच्या अकॅडमीतलीच. सरकार काही करत नाही असं पण नाही, तिथे माजी अग्निवीरांना आधी 10 टक्के आरक्षण होतं, बीएसएफने शिपाई भरतीत ते 50 टक्के केलंय. हरियाणा, यूपीने पोलिसात कोटा ठेवलाय. पहिली बॅच बाहेर पडून काय होतं ते बघू, दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊ, मग बदलू. न बघताच बदला म्हणणं मला घाईचं वाटतं.

सुभेदार_निवृत्त_बेळगाव:
अनुभव घेऊ म्हणायला ठीक आहे साहेब, पण तो ज्यांच्यावर घेणार ती माणसं आहेत. नेपाळने तर तेव्हाच सांगितलं की गोरखा भरतीच्या 1947 च्या करारात अग्निपथ बसत नाही, 2022 पासून तिथून गोरखा भरती बंद आहे. दोनशे वर्षांचं नातं, माझ्या सर्व्हिसमध्ये गोरखा पलटण शेजारी असली की रात्री निवांत झोपायचो आम्ही. ते परत कसं जोडणार याचं उत्तर कुठल्याच बजेटमध्ये नाही.

सातारकर78:
हिशेबीजी, सीएपीएफमध्ये 2004 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस (पगारातून कापून साठवलेल्या पैशावरची पेन्शन) आहे, म्हणून खर्च नुसता इकडून तिकडे जात नाही, कमी होतो. आणि तिथे तसाही नवीन शिपाई घेऊन शून्यातून ट्रेनिंग द्यायचाच खर्च आहे, सात वर्षं सीमेवर राहिलेला तयार माणूस मिळाला तर तो वाचतो. कोटा म्हणजे नोकरी नव्हे, फिजिकलची सूट आहे पण लेखी परीक्षा परत द्यायचीच आहे, चार वर्षं राजौरीत नाहीतर तवांगला ड्युटी केलेल्या पोराने गणिताच्या पेपरला शहरातल्या क्लासवाल्या पोराशी टक्कर द्यायची हे मला मान्य नाही. वहिनींचा जागांचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून सीएपीएफच्या ज्या मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात त्यांच्यातून सुरुवात करा म्हणजे बाहेरच्या पोरांचं नुकसान होणार नाही.

मी खासदारांना द्यायचं निवेदन लिहितोय, त्यात दोनच मागण्या: 7 वर्षं आणि वकीलसाहेबांची कुटुंब पेन्शन. ज्यांना सही करायची त्यांनी खाली तालुका लिहा. वहिनी, तुम्हाला 7 वर्षं पटत नसली तरी दुसऱ्या मागणीवर तुमच्या अकॅडमीतल्या आईवडिलांच्या सह्या मिळाल्या तर फार बळ येईल.

कोल्हापूरची_वहिनी:
कुटुंब पेन्शनवर मिळतील, शनिवारी पालक येतात तेव्हा घेते. 7 वर्षांचा कागद वेगळा करा, त्यावर मी सही करणार नाही.