मदत हवी आहे: भाडेपट्ट्याच्या जमिनीवर गोदाम, पण बँकेला गहाण हवं
मुलुंडला राहतो, जुन्नरकडच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची कागदपत्रं मीच बघतो. गोदामासाठी ६० लाख हवेत. कृषी पायाभूत सुविधा निधीचा अर्ज (२ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत) पोर्टलवर भरला, प्रकल्प अहवालही जोडला. जमीन एका सभासदाची, १५ वर्षांचा नोंदणीकृत करार. बँक म्हणते, जमीनच गहाण टाका. सातबाऱ्यावर त्याची आईही आहे, ती तयार नाही. तिचं चूकही नाही म्हणा. पतहमीचा (म्हणजे गहाणाऐवजी, कर्ज थकलं तर बँकेला भरपाई देणारी सरकारी योजनेची हमी) विषय काढला तर मॅनेजरसाहेब "वर विचारतो" म्हणाले, त्याला दीड महिना झाला. नाबार्ड बँकांना पुनर्वित्त देतं, शेतकऱ्याला थेट कर्ज नाही, तेव्हा बीकेसीला त्यांच्या मुख्यालयात जा असं कृपया सुचवू नका. कुणाच्या कंपनीला जमीन गहाण न टाकता, फक्त पतहमीवर कर्ज मिळालंय का? बँक नेमक्या कोणत्या कागदावर राजी झाली?